आत्याचं टेम्प्लेट आणि परक्या दोन ओळी

यावेळचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण घरच्यांनी पळून जाऊ नये, कारण सुरुवात घरातूनच आहे.

२०१९ च्या श्रावणात आतेभावाचा फोन आला. "दादा, आईच्या ब्लॉगवर रमी लागलीय."

मला आधी काही कळेचना. आत्याला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्या तिथीला नातवंडांना तिचं लिखाण दाखवावं म्हणून त्याने मोबाइलवर तिचा ब्लॉग उघडला, तर क्षणभर तिचं ते हिरव्या पट्टीचं पान दिसलं आणि लगेच पत्त्यांचा जुगार आला. मी माझ्या संगणकावर उघडून पाहिलं तर सगळं ठीक! फणसाची साठं, कौलांवरचा पाऊस, आजोबांची छत्री, सगळे लेख जागच्या जागी. म्हटलं तुझ्या फोनमध्येच काहीतरी घुसलं असेल. मग बायकोच्या फोनवर उघडलं. रमी.

आता हे प्रकरण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आत्याचा ब्लॉग मीच काढून दिला होता, २००६ साली. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांनाच ब्लॉगचा नाद लागला होता. चिपळूणला तिच्या घरी नवा संगणक आलेला, एक्सपी होतं, पण त्यात मराठी दिसायला मूळ सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची फाइल चढवावी लागायची. ती सीडी शोधण्यात एक दिवाळी गेली. नंतर बरहा बसवलं, आत्या दोन बोटांनी टंकायला शिकली, आणि एक दिवस तिने विचारलं, "अरे, हे पान असं पांढरंफटक काय? जरा आपल्या घरासारखं कर की."

तर 'टेम्प्लेट' म्हणतात ते हेच. लेख तुमचा, आणि तो ज्या चौकटीत बसतो ती चौकट म्हणजे टेम्प्लेट. ब्लॉगर ही सेवा १९९९ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढली. इव्हान विल्यम्स आणि मेग हुरिहान ही त्यामागची मंडळी. २००३ च्या फेब्रुवारीत ती गूगलने घेतली. तिची गंमत अशी की सगळी चौकट एका मोठ्या खिडकीत एचटीएमएलमध्ये उघडी करून तुमच्यासमोर ठेवलेली असायची. डॉलरच्या चिन्हांमध्ये काही ठरावीक खुणा होत्या: इथे शीर्षक येईल, इथे लेख, इथे तारीख. त्या खुणांच्या भोवती तुम्ही काहीही लिहा. बदल केला की सगळा ब्लॉग पुन्हा 'पब्लिश' करायचा आणि टक्केवारी सरकताना बघत बसायचं. आत्याच्या डायल-अपवर तेवढ्यात चहा होऊन जायचा.

मी त्यात काय काय केलं! मंगल फाँट घातला, अक्षर मोठं केलं. आणि दोन्ही बाजूंनी ओळी सारख्या करणारी जी सूचना होती ती काढून टाकली, कारण तेव्हाच्या फायरफॉक्समध्ये ती सूचना असली की देवनागरीचा पार चुराडा व्हायचा. जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. (फायरफॉक्स ३ आलं २००८ मध्ये, तेव्हा हा त्रास संपला. जुन्या ब्लॉगकरांना आठवत असेल.) आणि शेवटी, आत्याच्या खास आग्रहावरून, किती लोक येऊन गेले ते दाखवणारा काउंटर.

हा काउंटर म्हणजे दोन ओळी. एका फुकट काउंटर देणाऱ्या साइटवर गेलो, रंग निवडला, त्यांनी दोन ओळींचा कोड दिला, तो उचलून टेम्प्लेटच्या तळाशी चिकटवला. त्या ओळींचा अर्थ एवढाच: हे पान उघडलं की अमुक ठिकाणी जा, तिथे जो प्रोग्रॅम ठेवलेला असेल तो आण आणि चालव. 'जो असेल तो.' तेव्हा हे शब्द मला टोचले नाहीत. आपण तर काउंटर लावला होता!

आता आत्याला जरा चिपळुणातच बसवून ठेवतो, कारण त्याच सुमारास अमेरिकेत याच गोष्टीने जे केलं ते सांगण्यासारखं आहे.

मायस्पेस २००३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. प्रत्येकाचं एक पान, त्यावर स्वतःविषयी लिहायचे चौकोन. त्या चौकोनात एचटीएमएल लिहिता येणं ही कोणी आखलेली सोय नव्हती, ते अडवायचं राहून गेलं होतं. पोरांना ते सापडलं आणि त्यांनी 'माझ्याविषयी'च्या चौकोनात रंगरंगोटीच्या सूचना कोंबायला सुरुवात केली. काळ्या पार्श्वभूमीवर जांभळी अक्षरं, चमचमणारे तारे, पान उघडताच कानठळ्या बसवणारं गाणं. डोळ्यांना त्रास व्हायचा, पण प्रत्येक पान त्या त्या पोराचं असायचं, आणि हजारो मुलं यातूनच कोड लिहायला शिकली. कंपनीनेही मग ते बंद केलं नाही. २००५ च्या जुलैमध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पने मायस्पेसची मालक कंपनी ५८ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, त्यात या जांभळ्या पानांचा वाटा नक्कीच असणार (असं आपलं माझं मत).

पण रंग लावू देणं वेगळं आणि प्रोग्रॅम चालवू देणं वेगळं. भाडेकरूला भिंतीचा रंग बदलू द्यावा, पण आख्ख्या चाळीच्या वायरिंगला हात लावू देऊ नये, तसं. मायस्पेसने चाळणी लावली होती: ठरावीक टॅग चालतील, स्क्रिप्ट टॅग चालणार नाही, 'जावास्क्रिप्ट' हा शब्द कुठे दिसला की उडवायचा.

लॉस एंजलिसच्या सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने ही चाळणी हातात धरून उजेडाकडे पाहिली. एखाद्या चौकोनाला पार्श्वभूमीचं चित्र लावायची परवानगी होती. चित्राचा पत्ता द्यायच्या जागी त्याने जावास्क्रिप्ट दिलं, पण 'जावा' एका ओळीवर आणि 'स्क्रिप्ट' पुढच्या ओळीवर. चाळणीला तो शब्द दिसला नाही. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र मोठा समजूतदार! त्याने दोन्ही तुकडे जोडून घेतले आणि प्रोग्रॅम चालवला. पुढे आणखी काही शब्द चाळणीत अडकत होते, तेही त्याने असेच अर्धे अर्धे लिहून चालता चालता जोडले. म्हणजे चाळणी जे वाचत होती आणि ब्राउझर जे वाचत होता ती दोन वेगळीच पत्रं होती. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचं मर्म इथेच आहे. नंतरच्या वीस वर्षांतल्या बहुतेक भानगडी मी वाचल्या त्या याच एका फटीच्या.

४ ऑक्टोबर २००५ ला त्याने ते आपल्या पानावर टाकलं. जो ते पान बघेल त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जायची, त्याच्या 'माझे हिरो' या यादीत, सगळ्यात जास्त म्हणजे सॅमी माझा हिरो आहे, अशी ओळ उमटायची, आणि तो कोडसुद्धा त्याच्या पानावर चिकटायचा. म्हणजे आता त्याचं पान बघणाराही लागला. एकाचे दोन, दोनाचे चार. २० तासांच्या आत दहा लाखांहून जास्त पानं! मायस्पेसला सगळी साइट बंद करून साफसफाई करावी लागली.

कोणाचा पैसा गेला नाही, कोणाचं लिखाण पुसलं नाही. गंमतच होती ती. पण पुढच्या वर्षी पोलीस दारात आले, आणि ३१ जानेवारी २००७ ला त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. तीन वर्षांचं प्रोबेशन, ९० दिवसांची समाजसेवा, नुकसानभरपाई, आणि संगणकाच्या वापरावर निर्बंध. विशीतल्या प्रोग्रॅमरला ही शिक्षा म्हणजे गवयाला गाऊ नकोस म्हणण्यासारखी. पुढे तो सुरक्षेच्या क्षेत्रातच नावाजला गेला, हे चांगलं झालं. शिक्षा जड होती असं मला वाटतं. आणि हेही वाटतं की दहा लाख लोकांच्या पाटीवर त्यांना न विचारता लिहिणं ही साधी गंमत नव्हे. दोन्ही एकदम वाटतं, काय करू.

याउलट लाइव्हजर्नलची तऱ्हा. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या कॉलेजातल्या मुलाने १९९९ मध्ये मित्रांसाठी काढलेली ही साइट. इथेही लोकांना आपलं पान आपल्या मनासारखं हवं होतं. ब्रॅड आणि मंडळींनी काय केलं, तर त्यासाठी चक्क एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषाच केली! नाव एस-टू. आधीची एस-वन म्हणजे आमच्या ब्लॉगरसारखी, खुणांच्या जागी मजकूर भरणारी. एस-टूमध्ये मात्र फंक्शन्स होती, अटी होत्या, आवर्तनं होती. आपण लिहिलेला कोड त्यांच्या सर्व्हरवर पर्लमध्ये उतरवला जायचा आणि पान दाखवताना तिथेच चालायचा.

म्हणजे परक्याचा कोड आपल्या स्वयंपाकघरात! ऐकूनच अंगावर काटा येतो. पण खुबी अशी होती की त्या भाषेत वाईट गोष्ट म्हणायला शब्दच नव्हते. फाइल उघड, दुसऱ्याचा पासवर्ड वाच, असं काही त्या भाषेत बोलताच येत नसे. शिवाय थर होते. सगळ्यात खाली त्यांचा गाभा, त्यावर मांडणीचा थर, त्यावर रंगसंगतीचा, आणि सगळ्यात वर तुमचा. तुम्हाला फक्त तारखेची जागा बदलायची असेल तर तुमच्या थरात तेवढंच लिहायचं, बाकीचं खालून झिरपत वर येणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत्याच्या गोधड्या आठवल्या. जुनी साडी आत, त्यावर धोतर, वरचा तुकडा तेवढा आपल्या आवडीचा.

आणि एवढं करूनही ते फसले! सर्व्हरवर नाही, ब्राउझरमध्ये. तेव्हाच्या फायरफॉक्समध्ये नुसत्या रंगरंगोटीच्या सूचनांतूनही बाहेरचा कोड पानाला जोडायची एक वाट होती. (एक्सप्लोररमध्ये तशीच एक दुसरी होती. सीएसएस म्हणजे बिचारी रंगाची डबी, असं आम्ही समजत होतो.) २००६ च्या जानेवारीत काही उपद्व्यापी लोकांनी त्या वाटेने लाइव्हजर्नलची खाती बळकावली. सगळ्यांची पानं आणि सगळ्यांच्या लॉगिनची कुकी एकाच पत्त्यावर राहत होती, त्यामुळे एकाच्या पानावरचा कोड दुसऱ्याच्या खिशात हात घालू शकत होता. मग त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र उपपत्ता देऊन भिंती घातल्या. फायरफॉक्सनेही ३ व्या आवृत्तीत दुसऱ्या ठिकाणाहून असा कोड जोडणं बंद केलं.

इथे मला आमचा ब्लॉगर आठवला. लिहायचं ब्लॉगर डॉट कॉमवर, दिसायचं ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवर. दोन पत्ते कशाला, असं आत्या नेहमी विचारायची, आणि मी "असतं तसं" म्हणून वेळ मारून न्यायचो. उत्तर हे होतं, आत्या. तुझ्या पानावर कोणीही काहीही चिकटवलं तरी तुझ्या लॉगिनपर्यंत त्याचा हात पोचू नये. लॉगिन वाचलं. पान वाचवायची जबाबदारी मात्र चिकटवणाऱ्याची, म्हणजे माझी.

तिसरा मार्ग कॅनडातल्या टोबियास लुटके यांचा. हे आधी बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायचे, त्यातून दुकानं उभारून देणारं शॉपिफाय २००६ मध्ये निघालं. दुकानदाराला आपलं दुकान सजवू द्यायचं, पण बाकीच्या दुकानदारांच्या गल्ल्याला धक्का नको. म्हणून त्यांनी लिक्विड नावाची टेम्प्लेटची भाषा केली, एस-टूपेक्षा कितीतरी गरीब. दिलेल्या वस्तू मांड, मोज, क्रम लाव, संपलं. ही गरिबी टिकली. लिक्विड आजही चालतंय, आणि शॉपिफायच्या बाहेरही लोक वापरतात.

वर्डप्रेसवाल्यांची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तिच्यावर वेगळा लेख होईल. तिथे टेम्प्लेट म्हणजे सरळ पीएचपी, भिंत नाहीच. फुकटची देखणी थीम आणावी आणि तिच्या तळाशी गिचमिड अक्षरांत काय दडलंय ते वाचताच येऊ नये, हे मी स्वतः भोगलंय. २००७ मध्ये तर कोणीतरी वर्डप्रेसच्याच सर्व्हरवर शिरून २.१.१ या आवृत्तीच्या डाउनलोडमध्ये फेरफार केला, बाहेरून पाठवलेला कोड मुकाट्याने चालवणारा. बदललेल्या दोन फाइलींपैकी एक थीमचीच होती. २ मार्चला २.१.२ काढून सगळ्यांना बदलायला सांगितलं. असो.

तर आत्याचा ब्लॉग. टेम्प्लेट उघडल्याशिवाय काही कळणार नव्हतं, आणि उघडायला पासवर्ड हवा. आतेभावाने तिची जुनी डायरी काढली. दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'ब्लॉग पासवर्ड – नेहमीचा.' आम्ही दोघंही फोनवर इतके हसलो, आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

नेहमीचा कुठला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी रात्री मला आठवलं की २००८ मध्ये तिला दरवेळी पासवर्ड विचारायला नको म्हणून मी स्वतःलाच त्या ब्लॉगचा दुसरा ॲडमिन करून ठेवलं होतं. आत गेलो. टेम्प्लेट तसंच, माझ्याच त्या वेळच्या वेड्यावाकड्या टिपणांसकट. तळाशी त्या दोन ओळी. काउंटर देणारी साइट केव्हाच बंद पडली होती, तिचा पत्ता सुटला होता, आणि तो कोणीतरी विकत घेतला होता. आमच्या दोन ओळी प्रामाणिकपणे रोज त्याच पत्त्यावर जात होत्या, आणि जो असेल तो प्रोग्रॅम आणून चालवत होत्या. तो प्रोग्रॅम आधी फोन आहे की संगणक ते पाहायचा, आणि फोन असेल तरच रमीकडे पळवायचा. म्हणून मला काही दिसलं नव्हतं. कोणी काही फोडलं नव्हतं, कुलूप तोडलं नव्हतं. २००६ मध्ये मी आत्याच्या घराची किल्ली एकाला दिली होती, आणि त्याचं घर विकलं गेलं तेव्हा किल्लीही त्याबरोबर गेली.

हे आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं समजू नका. पॉलिफिल डॉट आयओ म्हणून एक होतं. जुन्या ब्राउझरांना नव्या युक्त्या शिकवणारा कोड तिथून हजारो साइट अशाच एका ओळीने आणत. २०२४ च्या फेब्रुवारीत तो पत्ता दुसऱ्या कंपनीकडे गेला. तो प्रकल्प मुळात सुरू करणारे अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच सांगितलं होतं, ती ओळ काढून टाका म्हणून. जूनमध्ये लाखभराहून जास्त साइटवरून लोकांना भलतीकडे पळवलं जाऊ लागलं, त्यातही निवडून, मोबाइलवाल्यांना! वाचताना मला आमची रमीच आठवली. आणणाऱ्या कोडचा ठसा आधीच नोंदवून ठेवायचा, ठसा जुळला नाही तर ब्राउझरने तो चालवायचाच नाही, अशी सोय २०१६ पासून प्रमाण म्हणून आहे. पण ती वापरायची तर पलीकडचा कोड कधीच बदलता कामा नये, आणि हे असे कोड देणारे तो सतत बदलत असतात. काउंटरचंही तेच झालं असतं.

दोन ओळी काढल्या, रमी गेली. एका मिनिटाचं काम. मग आतेभाऊ म्हणाला, "दादा, आणि आकडा?"

आकडा आमच्याकडे नव्हताच कधी. तो त्या बंद पडलेल्या साइटच्या सर्व्हरवर होता, आपल्या पानावर नुसता दिसायचा. आत्या रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायची, "अरे, आज सत्तावीस जण येऊन गेले, हे लोक कोण असतात रे?" आणि मी कधी तो कुठे उतरवून ठेवला नाही. शेवटी पुण्याच्या धाकट्या काकूंकडे एक कागद सापडला. उकडीच्या मोदकांचा लेख त्यांनी २०१२ मध्ये छापून घेतला होता, स्वयंपाकघरात लावायला. तुपाचे डाग पडलेल्या त्या कागदाच्या तळाशी निळ्या चौकटीत होतं: १४,३०६.

तोच आकडा आता टेम्प्लेटमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवलाय, तशीच निळी चौकट काढून. कुठून आणत नाही, कुठे जात नाही.

जाता जाता घरच्यांसाठी: नागपूरच्या मामांच्या कवितांच्या ब्लॉगवरही तोच काउंटर मीच लावला होता, आणि तिथे मी ॲडमिन नाही. मामींना विचारलं, त्यांना आठवत नाही. मामांचा पासवर्ड कोणाकडे असेल तर मला फोन करा. इथे प्रतिक्रियेत लिहू नका!